दार बाहेरच्या बाजूला का उघडतं?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही किंवा ज्यांचे इयरफोन नेमके लोकलमध्येच चार्जिंग सोडतात, त्यांच्यासाठी हा भाग लेखी स्वरूपात. बोललो तेच आहे, फक्त "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" जरा कमी केलेत.

आजचा प्रश्न एकदम साधा आहे. तुमच्या घराचं दार आतल्या बाजूला उघडतं. बेडरूमचं, बाथरूमचंही बहुतेक आतच. पण सिनेमा थिएटरमध्ये लाल किंवा हिरव्या दिव्याखाली जे दार असतं, ते बाहेर उघडतं. त्याला कडी नसते, मूठ नसते, कंबरेच्या उंचीवर एक आडवी दांडी असते. ती ढकलली की दार उघडतं. हे असं का? कुणी ठरवलं? आणि कधी?

एप्रिल महिना आहे, म्हणून हा विषय. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाच्या जहाजाचा स्फोट झाला. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात गेले. त्यांच्या आठवणीत १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, आणि त्यानंतरचा आठवडा अग्निसुरक्षा सप्ताह. या दिवसांत ऑफिसात एखादा मेल येतो, सोसायटीत पत्रक लागतं, आणि मग पुढच्या एप्रिलपर्यंत सगळं शांत. गोदीच्या स्फोटावर खूप बोललं गेलंय. मला मात्र आज बोलायचंय दारांवर. कारण आगीचा इतिहास वाचायला लागलो आणि एक गोष्ट सारखी समोर येत गेली. आग वेगळी, देश वेगळा, साल वेगळं, पण कुठेतरी एक दार असतंच, आणि ते उघडलेलं नसतं.

शिकागो, १९०३: "संपूर्ण अग्निरोधक" थिएटर

शिकागो शहरात नोव्हेंबर १९०३ मध्ये इरोक्वॉय नावाचं नवंकोरं थिएटर सुरू झालं. संगमरवर, झुंबरं, लाल मखमल, सगळा थाट. जाहिरातीत लिहिलेलं होतं की ही इमारत संपूर्णपणे अग्निरोधक आहे. आणि गंमत म्हणजे इमारत म्हणून ते फार खोटंही नव्हतं. आगीनंतर भिंती उभ्याच होत्या.

३० डिसेंबर १९०३, बुधवार. नाताळची सुट्टी, दुपारचा खेळ. त्यामुळे प्रेक्षकांत बहुतेक बायका आणि मुलं. सतराशेहून जास्त माणसं आत, उभ्यानेसुद्धा. दुसऱ्या अंकात रंगमंचावरच्या एका आर्क दिव्याच्या ठिणगीने पडदा पेटला. आगीपासून वाचवण्यासाठी रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये सोडायचा एक खास पडदा होता, तो खाली येताना अर्ध्यातच अडकला. आग विझवायला हाताशी काय होतं? नळकांड्यात भरलेली पावडर. ती आगीवर हाताने भिरकावायची. आणि आग होती डोक्याच्या कितीतरी वर.

लोक उठले आणि दारांकडे धावले. आता इथे नीट लक्ष द्या. दारं होती. एक-दोन नाही, पंचवीसच्या वर. पण काही दारं शोभेच्या पडद्यांमागे झाकलेली. काहींना कुलूप. काहींना अशा नव्या पद्धतीच्या खिट्ट्या, ज्या अमेरिकेत फारशा कुणी पाहिल्याच नव्हत्या. धुरात, अंधारात, मागून रेटा येत असताना ती खिट्टी कशी उघडते हे शोधायचं! काही दारं आत उघडणारी. आणि वरच्या मजल्यांच्या जिन्यात लोखंडी जाळीचे सरकते दरवाजे लावून कुलूप घातलेलं. कशासाठी? तर स्वस्त तिकिटवाल्यांनी मध्येच खाली येऊन महागड्या खुर्च्यांवर बसू नये म्हणून.

६०२ माणसं गेली. अमेरिकेतल्या एका इमारतीला लागलेल्या आगींमध्ये ती आजही सगळ्यांत भयंकर आगींपैकी एक मानली जाते. खटले झाले, शिक्षा कुणालाच झाली नाही.

आत उघडणाऱ्या दाराचं गणित समजून घ्या, कारण पुढे ते सारखं लागणार आहे. दार आत ओढायचं असेल तर पहिल्या माणसाला एक पाऊल मागे यावं लागतं. मागे पाच माणसं असतील तर तो येईल. पन्नास असतील तर येऊच शकत नाही. मागच्याला पुढचं दिसत नाही, तो ढकलतोच. म्हणजे लोक जितके घाबरतील तितकं दार घट्ट बंद. बाहेर उघडणाऱ्या दारात हेच उलटं होतं. जो रेटा माणसाला मारतो, तोच दार उघडतो.

एका हार्डवेअरवाल्याची दांडी

त्या दिवशी त्या खेळाला कार्ल प्रिन्झलर नावाचा एक माणूस जाणार होता. इंडियानापोलिसच्या वॉनेगट हार्डवेअर कंपनीत विक्रीचं काम करायचा. ऐनवेळी धंद्याचं काम निघालं आणि त्याचा खेळ चुकला. बातमी ऐकल्यावर त्याच्या डोक्यातून ती दारं जाईनात. आपण कुलपं-बिजागऱ्या विकतो, मग असं कुलूप का नाही, जे बाहेरून बंद राहील पण आतून लहान मुलानेही अंग टेकलं तरी उघडेल?

त्याने हेन्री ड्यूपाँट नावाच्या आर्किटेक्टला सोबत घेतलं. १९०८ मध्ये त्यांची दांडी बाजारात आली. नाव ठेवलं वॉन ड्यूप्रिन. वॉनेगटमधला वॉन, ड्यूपाँटमधला ड्यू, प्रिन्झलरमधला प्रिन. हा ब्रँड आजही आहे. कादंबरीकार कर्ट वॉनेगट माहीत असतील तर सांगतो, हार्डवेअरवाले वॉनेगट हे त्याच घराण्यातले. पुढच्या वेळी मल्टिप्लेक्समध्ये ती दांडी दिसली की आठवा, तिच्या मागे ६०२ माणसं उभी आहेत.

मला इंजिनिअर म्हणून या दांडीचं फार कौतुक वाटतं. ती वापरायला शिकावं लागत नाही. वाचावं लागत नाही, किल्ली शोधावी लागत नाही, भाषा यावी लागत नाही. घाबरलेला माणूस जे करणारच आहे, म्हणजे पुढे रेटणं, तेच तिने उघडण्याची खूण मानलं.

न्यूयॉर्क, १९११: नववा मजला

दांडी आली १९०८ मध्ये. तीन वर्षांनी, २५ मार्च १९११ च्या शनिवारी, न्यूयॉर्कमधल्या ॲश बिल्डिंगला आग लागली. आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर ट्रँगल नावाचा कपड्यांचा कारखाना. तिथे बायकांचे ब्लाउज शिवले जायचे. कामाला बहुतेक स्थलांतरितांच्या मुली, ज्यू आणि इटालियन. काही तर चौदा वर्षांच्या.

सुट्टी व्हायला थोडाच वेळ होता, दुपारचे पावणेपाच. आठव्या मजल्यावर कापड कापायच्या टेबलाखाली चिंध्यांचा ढीग साठला होता, तो पेटला. वर तारेवर कागदी नमुने टांगलेले. मिनिटांत मजला पेटला. आठव्या मजल्यावरून दहाव्या मजल्यावर फोन गेला. तिथे मालक आणि ऑफिस. ते गच्चीवरून शेजारच्या इमारतीत पोचले. नवव्या मजल्याला कुणीच कळवलं नाही. तिथे शिलाईच्या मशीनांच्या लांबच लांब रांगांत दोनशेहून जास्त माणसं बसली होती. त्यांना आगीची बातमी आगीनेच दिली.

नवव्या मजल्याला दोन जिने होते. एका जिन्यापाशी आग आली. दुसऱ्या जिन्याच्या दाराला कुलूप. का? कामगार मुलींनी कापडाचे तुकडे चोरून नेऊ नयेत म्हणून. सुट्टीच्या वेळी सगळ्यांनी एकाच दाराने, पर्स उघडून दाखवत बाहेर पडायचं, अशी पद्धत होती. मागच्या बाजूचा लोखंडी जिना माणसांच्या वजनाने कोसळला. दोन लिफ्टवाले, जोसेफ झिटो आणि गॅस्पर मॉर्टिलारो, जमेल तितक्या फेऱ्या मारत राहिले आणि त्यांनी कितीतरी जणींना खाली आणलं. मग लिफ्टही बंद पडली. अग्निशमन दल लगेच आलं, पण त्यांची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती.

१४६ जण गेले. १२३ बायका आणि मुली, २३ पुरुष. अर्ध्या तासात सगळं संपलं. पन्नासहून जास्त जणांनी खिडकीतून उड्या मारल्या. खाली रस्त्यावर हे पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स नावाची एक तिशीतली बाई होती. तीच पुढे १९३३ मध्ये अमेरिकेची कामगारमंत्री झाली, त्या देशाच्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री. आगीनंतर न्यूयॉर्क राज्याने चौकशी आयोग नेमला आणि पुढच्या काही वर्षांत तीसहून अधिक कायदे झाले. बाहेर उघडणारी दारं, कारखान्यात आगीची तालीम, पाण्याचे स्प्रिंकलर, मुलांच्या आणि बायकांच्या कामाचे तास, असं बरंच काही.

इथपर्यंत गोष्ट सगळे सांगतात. पण मला खटकतो तो भाग वेगळाच आहे.

न्यूयॉर्कच्या कायद्यात कामाच्या वेळी दाराला कुलूप नको, हे आगीच्या आधीपासून लिहिलेलं होतं! शक्य असेल तिथे दारं बाहेर उघडणारी हवीत, हेही होतं. म्हणजे नियम नव्हता म्हणून मुली मेल्या, असं नाही. नियम होता. कुलूपही होतं. मालकांवर खटला चालला आणि डिसेंबर १९११ मध्ये ते सुटले, कारण त्या क्षणी दाराला कुलूप आहे हे त्यांना माहीत होतं, असं ज्युरींच्या मते सिद्ध झालं नाही. आणि १९१३ मध्ये त्यांच्यापैकी एक मालक पुन्हा पकडला गेला. नवीन कारखाना, पुन्हा कामाच्या वेळी कुलूपबंद दार. दंड किती झाला? वीस डॉलर.

एक जोडगोष्ट पटकन सांगतो. २८ नोव्हेंबर १९४२, बॉस्टनमधला कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लब. मुख्य दार गोल फिरणारं. दोन्ही बाजूंनी माणसं घुसली आणि ते जाम झालं. ४९२ मृत्यू. आज मोठ्या हॉटेलात किंवा कॉर्पोरेट इमारतीत फिरत्या दाराच्या शेजारी साधं ढकलायचं दार दिसतं ना, ते या आगीनंतर आलेल्या नियमांमुळे.

आपल्याकडची दारं

"हे सगळं अमेरिकेतलं, शंभर वर्षांपूर्वीचं" असं कुणाला वाटत असेल तर थांबा.

दिल्ली, १३ जून १९९७. उपहार सिनेमा. त्याच दिवशी लागलेला 'बॉर्डर', दुपारचा खेळ. तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये ट्रान्सफॉर्मर होता. त्याला सकाळीच एकदा आग लागून गेलेली आणि घाईघाईत दुरुस्ती झालेली. दुपारी पुन्हा आग. ज्वाळा खालीच राहिल्या, पण धूर जिन्यातून वर बाल्कनीत चढला. बाल्कनीत जास्तीच्या खुर्च्या बसवताना उजव्या बाजूची वाट बंद केलेली होती, बाहेर पडायच्या एका दारासमोर खास खुर्च्यांचा बॉक्स बांधलेला होता. ५९ जण गेले. बहुतेक जण भाजून नाही, गुदमरून. इरोक्वॉयमध्ये महाग खुर्च्या सांभाळायला जाळी लावली होती, इथे खुर्च्या वाढवायला वाट बंद केली होती. मधे ९४ वर्षं.

मुंबई, १८ डिसेंबर २०१७. साकीनाक्याच्या खैराणी रोडवरचं फरसाणाचं दुकान. पहाटेची वेळ, कामगार आतच झोपलेले. १२ जण गेले. त्यानंतर अकराच दिवसांनी कमला मिलची आग, १४ मृत्यू. त्यातले अनेक जण स्वच्छतागृहात सापडले, कारण बाहेर जायची वाट सापडली नाही तेव्हा ते तिकडे शिरले होते. कमला मिलची बातमी कितीतरी दिवस चालली. फरसाणाच्या दुकानाची दोन दिवसांत संपली.

दिल्लीतली अनाज मंडी, ८ डिसेंबर २०१९. दाट वस्तीतली इमारत, आत छोटे कारखाने, पहाटे झोपलेले कामगार, खिडक्यांना जाळ्या. ४३ मृत्यू.

आणि कायदा? आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३८ व्या कलमात पहिल्यापासून होतं की आत माणूस असताना बाहेर जायच्या दाराला आतून सहज आणि ताबडतोब उघडणार नाही असं कुलूप लावायचं नाही, आणि दार सरकतं नसेल तर ते बाहेर उघडणारं हवं. ट्रँगलचा धडा आपल्याकडे लिहूनही झालेला होता. पण जिथे पाच-सात माणसं काम करतात ती जागा कागदावर बहुतेक वेळा कारखानाच नसते. ती असते दुकान, गाळा, पोटमाळा. तिथे नियमांचं दार पोचतच नाही, शटर पोचतं.

आजचं कुलूप: कार्ड, चुंबक आणि यूपीएस

आता माझ्या विषयावर येतो, कारण आपल्यातले अर्धे श्रोते माझ्यासारखेच लॅपटॉपवाले आहेत.

माझ्या पहिल्या नोकरीत ऑफिस सहाव्या मजल्यावर होतं. मागच्या जिन्याच्या दाराला साखळी आणि कुलूप. कारण विचारलं तर उत्तर आलं, "लोक मागून सिगारेट ओढायला जातात, लॅपटॉप बाहेर जाऊ शकतात." ट्रँगलच्या मालकांचं म्हणणं आणि हे म्हणणं शेजारी ठेवून बघा. मी तिकीट टाकलं. उत्तर आलं, "सिक्युरिटी पॉलिसीप्रमाणे आहे", आणि तिकीट बंद. मग आम्ही तिघा-चौघांनी मिळून नीट मेल लिहिला. त्यात एकच प्रश्न ठेवला: जानेवारी आणि जुलैमध्ये इमारतीचा जो 'फॉर्म बी' भरला जातो, त्यात या जिन्याबद्दल काय लिहिलंय? दोन आठवड्यांत साखळी गेली आणि दांडीवालं दार आलं, उघडलं की भोंगा वाजणारं. चोरीचा प्रश्नही सुटला, जिनाही सुटला.

हा फॉर्म बी काय? महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्याखाली ज्या इमारतींना अग्निशमन यंत्रणा बंधनकारक आहे, तिथे ती चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा द्यावं लागतं. तुमच्या उंच सोसायटीलाही हे लागू आहे. सेक्रेटरीला विचारायला पूर्ण हक्क आहे तुम्हाला.

दुसरं म्हणजे कार्ड दाखवून उघडणारी काचेची दारं. त्यावर बहुतेकदा चुंबकीय कुलूप असतं. वीज असेपर्यंत चुंबक दार धरून ठेवतं, वीज गेली की सोडतं. म्हणजे आगीत वीज गेली की दार आपोआप उघडणार, बरोबर? नेहमी नाही. कारण त्या कुलपाला बॅटरी किंवा यूपीएस जोडलेला असतो! वीज गेली तरी चुंबक आनंदाने धरून बसतं. म्हणून आगीचा अलार्म वाजला की कुलपाचा पुरवठा तोडला जाईल अशी वेगळी जोडणी हवी, आणि दाराशेजारी काच दाबून दार सोडवायचा हिरवा डबा हवा. तुमच्या ऑफिसात पुढची फायर ड्रिल होईल तेव्हा जिन्याकडे जाताना एकच गोष्ट बघा: अलार्म वाजताना कार्ड न लावता दार उघडतं का? उघडलं नाही तर त्याच दिवशी लेखी कळवा.

आता आपल्या घराकडे

घरातली आग बहुतेकदा छोटीच सुरू होते. जीव घेतो धूर. तो वर चढतो, छतापासून खाली भरत येतो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साईड माणसाला झोपेतच बेशुद्ध करतो. म्हणून सगळा खेळ दारापर्यंत पोचण्याचा आहे. चार गोष्टी आज रात्रीच बघून टाका.

एक, किल्ली. मुख्य दार आतून कुलूप लावायची सवय असेल तर किल्ली दाराजवळ, ठरलेल्या खिळ्यावर हवी. कपाटात नको, आईच्या पर्समध्ये नको. आणि आजीला किंवा लहान मुलांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावून "पाच मिनिटांत आलो" म्हणून जाणं बंद करा. ते कुलूप ट्रँगलच्याच जातीचं आहे, हेतू कितीही चांगला असो.

दोन, खिडकीची जाळी. मुंबई-पुण्यात खिडकीबाहेर पिंजऱ्यासारखं ग्रिल असतं. त्यात एक उघडणारी झडप ठेवून घ्या. आधीच असेल तर तिचं कुलूप गंजलंय का बघा, किल्ली कुठे आहे हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या. अग्निशमन दलाची शिडी पोचली तरी ग्रिल कापण्यात मिनिटं जातात.

तीन, जिना. चपलांचं कपाट, जुनी गादी, सायकल, कुंड्या. हा विषय काढला की सोसायटीत भांडण होतं, मला माहितीये. तरी काढा. विशेषतः इलेक्ट्रिक स्कूटर किंवा तिची बॅटरी जिन्याखाली किंवा मुख्य दाराजवळ चार्जिंगला लावू नका. लिथियम बॅटरी पेटली तर झपाट्याने पेटते, आणि ती नेमकी तुमच्या वाटेवर नको. रात्रभर चार्जिंगला लावून झोपणंही नको. जिन्याची अग्निरोधक दारं वाऱ्यासाठी वीट लावून उघडी ठेवतात, तेही नको. ती बंद असतात म्हणूनच जिन्यात धूर शिरत नाही. बंद म्हणजे कुलूपबंद नव्हे, एवढा फरक वॉचमनला समजावून सांगा.

चार, आतली दारं. बाहेर पडताना आग लागलेल्या खोलीचं दार ओढून घ्या. साधं लाकडी दारही धूर आणि आग थोडा वेळ अडवतं, आणि तो थोडा वेळच आपल्याला हवा असतो. बाहेर पडायच्या आधी दाराला हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करा. गरम असेल तर उघडू नका. फटींत ओला टॉवेल कोंबा, खिडकीशी जा आणि फोन करा. धूर असेल तर खाली वाका, गुडघ्यावर चाला. लिफ्ट नाही म्हणजे नाही. १०१ किंवा ११२. एकदा बाहेर आलात की मोबाईलसाठी, पाकिटासाठी परत आत जायचं नाही.

आता आग लहान असताना काय करायचं, ते भराभर. कढईतलं तेल पेटलं तर पाणी अजिबात नाही, भडका उडतो. गॅस बंद करा, झाकण सरकवून ठेवा आणि थंड होईपर्यंत उचलू नका. गॅसचा वास आला तर लाईटचं बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, ठिणगी दोन्हीत असते. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, बाहेर जाऊन १९०६ वर फोन. गॅसच्या पाईपवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली असतील तर बदला. गिझर, हीटर, इस्त्री एक्स्टेन्शन बोर्डावर नको. एमसीबी सारखा पडत असेल तर तो मोठा बसवून प्रश्न मिटत नाही, तो काय सांगतोय ते वायरमनकडून तपासून घ्या. भाजलं तर वीसेक मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, तूप, हळद काही नाही.

घरात एक एबीसी पावडरचा सिलिंडर असावा. पिन काढा, ज्वाळेच्या मुळाशी नेम धरा, मूठ दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. आणि हा वापरताना आपली पाठ नेहमी दाराकडे हवी. आग तुमच्या आणि दाराच्या मध्ये आली की सिलिंडर सोडून द्यायचा. तोही स्वयंपाकघरात शेगडीशेजारी नको. बाहेरच्या खोलीत, दाराजवळ लावा.

गाळा, दुकान, छोटं ऑफिस

तुमचे काका, मामा, मित्र यांच्यापैकी कुणाचं तरी दुकान किंवा वर्कशॉप असणारच. हा भाग त्यांना पाठवा.

आत माणूस असताना शटर बाहेरून बंद करायचं नाही. रात्री कुणी आत झोपत असेल तर शटरला आतून उघडणारं छोटं दार हवं, किंवा मागची वाट हवी आणि तिच्यासमोर माल नको. विजेवर चालणारं शटर असेल तर वीज गेल्यावर ते हाताने कसं उचलायचं, हे प्रत्येक कामगाराला एकदा करून दाखवा. पोटमाळ्यावर झोपणं सगळ्यांत धोक्याचं, कारण धूर आधी तिथेच पोचतो. ते आज थांबवता येत नसेल तर निदान बॅटरीवर चालणारा धुराचा अलार्म छताला लावा. चिंध्या, पुठ्ठे, थिनरचे डबे रोज संध्याकाळी बाहेर काढा. ट्रँगलची आग चिंध्यांच्या ढिगातच सुरू झाली होती. आणि मेन स्विचसमोर काही ठेवू नका. तो कुठे आहे हे फक्त मालकाला माहीत असून उपयोग नाही, कारण पहाटे चार वाजता मालक तिथे नसतो.

"चोरी झाली तर?" हा प्रश्न येणारच. तो खोटा नाही. छोट्या धंद्यात एका चोरीने वर्षाचा नफा जातो. पण १९०८ पासून याचं उत्तर बाजारात आहे: बाहेरून बंद, आतून उघडं. दांडी नको असेल तर आतून फिरवायची साधी खिट्टीही चालते. किल्ली न लागता उघडलं पाहिजे, एवढीच अट. कुलूप बाहेरच्या चोरासाठी असतं. आतल्या माणसाला ते अडवत असेल, तर मालक त्याच्याकडे कामगार म्हणून बघत नाहीये, चोर म्हणूनच बघतोय. इरोक्वॉयची जाळी, ट्रँगलचं कुलूप आणि आमच्या ऑफिसची साखळी, तिन्हींच्या मागे हाच संशय होता.

तर या आठवड्याचा गृहपाठ: घरी आणि कामाच्या ठिकाणी, दोन्हीकडे बाहेर पडायच्या दोन वाटा शोधा. दुसरी वाट प्रत्यक्ष चालून बघा, शेवटचं दार हाताने उघडून बघा. नाही उघडलं तर फोटो काढा, सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या ग्रुपवर टाका आणि काय उत्तर येतं ते आम्हालाही कळवा. चांगली उत्तरं, आणि भन्नाट सबबीसुद्धा, पुढच्या भागात वाचून दाखवीन.

भाग आवडला तर एका माणसाला नक्की पाठवा. ज्याच्याकडे शटर आहे, अशाला. भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत, काळजी घ्या आणि जिना मोकळा ठेवा!